दांडी आहे असं समजा

सव्वीस जानेवारीला, झेंडावंदनानंतर आणि बुंदी वाटायच्या आधी, आमच्या कॉलेजात फुटबॉलच्या सरांवर अन्याय झाला. प्राचार्य माइकवरून म्हणाले, "संघाने अख्ख्या मोसमात एकही गोल केला नाही. जबाबदार प्रशिक्षक. उद्यापासून त्यांनी येऊ नये." टाळ्या पडल्या. आपल्याकडे माइक दिसला की टाळ्या पडतातच.

सर सोनाळ्याचे, कंत्राटी. सराव सुरू करायचा म्हणजे पायातल्या चपला काढून एक इकडे, एक तिकडे ठेवायच्या, मधे अनवाणी उभं राहायचं आणि हात उंच धरायचा. "दांडी आहे असं समजा, पोट्टेहो. हाताच्या खालून मारा."

कारण मैदानात गोलच नव्हते. संस्थेच्या अध्यक्षांच्या वाढदिवसाला स्वागतकमान पाहिजे होती आणि मैदानात गोलच्या लोखंडी चौकटी आयत्या उभ्या होत्या. एक पुढच्या गेटवर गेली, एक मागच्या. "चार दिवसांत परत लावतो," असं ठरलं. मग दुसऱ्या नेत्याचा वाढदिवस आला, मग कुणाची निवड, मग नवरात्राच्या शुभेच्छा. मोठ्या माणसांना जन्म घेण्यापासून कोण अडवणार?

सर प्राचार्यांकडे गेले, तेव्हा मी सोबत होतो.

"सर, गोल तेवढे द्या न. स्पर्धा आली."

"काऊन? चपला आहेत न तुमच्या?"

"चपलेले दांडी नसते, सर."

"मंग हात आहे न!"

हात शेवटी माणसाचा. तो थकून खाली यायचा, आमचे फटके वरून जायचे आणि हात वर असता तर गोलच, असं म्हणून आम्ही नाचायचो. हीच सवय घेऊन बुलढाण्याला खेळायला गेलो. पहिल्याच सामन्यात मी सणकून मारला. चेंडू दांडीच्या चांगला हातभर वरून गेला. मी हात पसरून धावत सुटलो. आणि सर? तेही बाकावरून उडी मारून ओरडले, "गोल बे!"

समोरचा गोलकीपर आमच्याकडे बघतच राहिला. सर हळूच खाली बसले.

 परतीच्या एसटीत सरच म्हणाले, "आपल्या मैदानावर तं गोलच होता बे तो." आम्ही पोट धरून हसलो. सर खिडकीबाहेर पाहत होते.

पुढचे सामनेही तसेच हरलो. त्या मोसमात आमच्या गोलातून बिनचूक आत गेली ती एकच वस्तू: प्राचार्यांची गाडी. रोज सकाळी.

सव्वीस जानेवारीला सर बुंदी न घेताच निघाले. गेटाशी थांबले. कमानीवर कुणाचा तरी हसरा चेहरा लटकत होता. सरांनी उडी मारली, लोखंडाला बोटं लावली. "हे पाह्य, दांडी," एवढंच मला म्हणाले आणि स्टँडकडे चालू लागले.

सर येत नाहीत. कमान तिथंच आहे आणि कॉलेजातल्या मित्रांनो, तुम्ही रोज तिच्याखालून मान खाली घालून जाता. या रविवारी नटबोल्ट खोलायचे पाने घेऊन या. बॅनर उतरवा, गोल मैदानात रोवा. आणि प्राचार्यांना सांगा, ज्या माइकवरून सरांना काढलं, त्याच माइकवरून परत बोलवा.