अथेनादेवीची ओटी

हे मी गेल्या रविवारपर्यंत कोणालाही सांगितलं नव्हतं — बायकोलासुद्धा नाही. मी आईशी खोटं बोललो, आणि त्या खोट्यावर ती कितीतरी वर्षं आनंदात राहिली.

आम्ही अथेन्सला गेलो होतो. बरोबर क्वीन्सटाउनच्या माझ्या ऑफिसातली दोन कुटुंबं — त्यातलं एक बॉसचं. आई तेव्हा भारतातून आमच्याकडे, हौगांगच्या घरी राहायला आलेली, म्हणून तीही. टेकडीवरचं ते जुनं देऊळ अथेना नावाच्या देवीचं, एवढं मीच तिला सांगितलं होतं. सकाळी हॉटेलात बघतो तर तिनं पिशवीतून हिरवा खण काढलेला. तांदूळ, हळकुंड, नारळाऐवजी सुपारी.

"आई, तिथे आता मूर्तीसुद्धा नाही गं. नुसते खांब आहेत."

"नसेना. जागा तिचीच ना? देवीच्या दारी रिकाम्या हातानं जायचं होय रे?"

माझी मुलगी तिच्या शाळेतल्या इंग्रजीत पुटपुटली, "पप्पा, सो एम्बॅरसिंग लाह." ती लहान होती. मी नव्हतो.

बॉसच्या देखत आई डोक्यावर पदर घेऊन त्या खांबांपुढे ओटी ठेवणार, पहारेकरी शिट्टी फुंकत धावत येणार — मला ते दिसायलाच लागलं. तिचे गुडघे दुखायचे. वर जायला लिफ्ट होती — चालू होती. मी म्हणालो, "लिफ्ट बंद आहे, आई." किती सहज म्हणालो!

ती पायथ्याशी बाकावर बसली. खण माझ्या हातात दिला. "तू ठेव माझ्या वतीनं. तुझी नोकरी टिकू दे, एवढंच मागणार होते."

आणि मी — वळणावर, ती दिसेनाशी झाल्यावर — तो खण कचऱ्याच्या डब्यात टाकला. खिशात ठेवता आला नसता का? आला असता.

खाली येऊन म्हणालो, "ठेवली, आई." तिनं टेकडीकडे बघून हात जोडले. पुढे येईल-जाईल त्याला सांगायची, माझी ओटी परदेशातल्या देवीपर्यंत पोचली.

आता ती कायमची आमच्याकडे असते. मला ओळखत नाही. गेल्या रविवारी ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर तिची व्हीलचेअर समुद्राकडे वळवून लावली आणि सगळं सांगितलं — लिफ्ट, खण, डबा. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"छे हो, काहीतरीच! माझा मुलगा ठेवून आला ना वर. तो नाही खोटं बोलायचा."

"आई," मी म्हणालो, "माझं चुकलं."