रविवारचा डाय

फोन आला तेव्हा मी बेडोकच्या मार्केटात कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन उभी होते. नोव्हेनाच्या हॉस्पिटलातली, ह्यांच्या वॉर्डातली नर्स, मोठी गोड पोरगी. “आंटी, कम नाऊ, कॅन?” एवढंच म्हणाली, आणि मला कळलं. जुडी तिथेच ठेवली आणि निघाले... खरं सांगते, टॅक्सीत बसल्यावर पहिल्यांदा मनात देव नाही आला. मनात आलं, उद्या रविवार. उद्या निनादचा फोन येणार, आणि त्याच्याशी डायबद्दल आता कोण बोलणार?

तुम्ही म्हणाल, हा डाय काय प्रकार? सांगते. निनाद आमचा मुलगा, पर्थला खाणीच्या कंपनीत इंजिनियर आहे. वाढला सिंगापुरातच. इथल्या नॅशनल सर्व्हिसमध्ये, म्हणजे सक्तीच्या लष्करी सेवेत, हातात रायफल आली आणि ती गोडी काही सुटली नाही. इथे घरात काडतूस ठेवायचं नाव काढायची सोय नाही. तिकडे मात्र तो रीतसर लायसन्स काढून, क्लबात जाऊन लांबच्या निशाणाची नेमबाजी करतो आणि आपली काडतुसं आपणच भरतो. एकदा बार उडाला की काडतुसाची पितळी नळी टम्म होते, फुलक्यासारखी. ती परत मापात आणायला पोलादी साच्यात दाबायची. तो साचा म्हणजे डाय. मी म्हटलं, म्हणजे आपला चकलीचा सोऱ्याच की! तर बापलेक दोघंही हसले होते मला.

हसले, हेच केवढं होतं... कारण त्याआधी कित्येक वर्षं दोघांत बोलणंच नव्हतं. आमचे हे जुरोंग आयलंडला कंपनीच्या बसने जाऊन येऊन रिटायर झाले, पण त्याआधी पुण्यात टूलरूममध्ये डाय बनवायचंच काम केलेलं. बोलायचं कमी आणि मोजायचं जास्त, असा माणूस. निनादने इथली चांगली नोकरी सोडून पर्थला जायचं ठरवलं तेव्हा हे त्याच्या तोंडावर म्हणाले, “जातोस तर जा. मग मला काही विचारायला येऊ नकोस.” आणि दोघांनीही तो शब्द इमानाने पाळला! निनाद मला फोन करायचा, शेवटी विचारायचा, “बाबा बरे आहेत ना?” हे समोरच्या खुर्चीतून पेपरात तोंड घालून म्हणायचे, “सांग, बरा आहे.” मी आपली मधली तार.

मग ह्यांचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी फारशी आशा दाखवली नाही, आणि मला एकच धास्ती लागली, की हे असे अबोल राहूनच जातात की काय. त्याच सुमारास निनाद मला फोनवर म्हणाला, “आई, डाय घ्यायचाय. फक्त नळीची मान दाबणारा घेऊ की सगळी नळी दाबणारा, काही ठरत नाहीये.” मी म्हटलं, “मला मेलीला काय कळतंय त्यातलं? कळणारं माणूस घरातच बसलंय.” टॅबलेट ह्यांच्यापुढे टेकवला आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. कान मात्र बाहेरच. आधी पेपरची घडी घातल्याची सळसळ आली. शेवटी ह्यांचा आवाज आला, “रायफल कुठली? चेंबरचं माप घेतलंस का?”

त्यानंतर दर रविवारी फोन. हे दाढी करून, धुतलेला शर्ट घालून बसायचे. “सगळी दाबणारा बघ,” सांगायचे, “पण नळीचा खांदा केसभरच मागे गेला पाहिजे. जास्त दाबलंस की पितळ दमतं, आणि मग तडकतं.” मग डायच्या आत मानेसाठी बदलता येणारी रिंग असते, तिचं माप निघालं. एक प्रश्न सुटला की हे दुसरा काढायचे. मी एकदा वैतागून म्हटलं, “अहो, मला पसंत करताना पोह्यांची बशी संपायचीही वाट पाहिली नाहीत, आणि एका डायला इतके महिने?” हे शांतपणे म्हणाले, “तेव्हा मापं घ्यायची राहिली.” पलीकडून निनाद ओरडला, “आई, दॅट वन पेनफुल लाह!” 

शेवटच्या रविवारी हॉस्पिटलच्या खाटेवर धाप लागत होती. तरी त्याला म्हणाले, “रिंगचं... पुढच्या रविवारी बघू.”

निनाद क्रियेसाठी आला. समुद्रात अस्थी सोडून आम्ही घरी परतलो, आणि बूट काढता काढता तो दारातच बसला. म्हणाला, “आई, मी बाबांना फसवलं गं. डाय मी केव्हाच घेतला होता. त्यांनी पहिल्यांदा सांगितला, तोच. फोनच्या वेळी ड्रॉवरमध्ये टाकायचो. घेतला म्हणून सांगितलं असतं, तर पुढच्या रविवारी बोललो काय असतो आम्ही?”

मी त्याच्या शेजारी खालीच बसले. म्हटलं, “अरे वेड्या, त्यांना ठाऊक होतं.” एकदा त्याने पितळी नळी कॅमेऱ्यापुढे धरली होती. फोन बंद झाल्यावर हे मला म्हणाले, “लेकाने डाय घेतलाय तुझ्या. मानेवर बारीक रेघ दिसली, रिंगशिवाय ती उमटत नाही.” मी विचारलं, “मग आता हो?” तर म्हणाले, “आता काय? तो विचारतोय तोवर मी सांगतोय. तू मध्ये बोलू नकोस.” हे ऐकलं आणि एवढा मोठा बाप्या माझ्या खांद्यावर डोकं टेकवून रडला.

तो पर्थला परत गेला. ह्यांची खुर्ची जेवणाच्या टेबलाशी तशीच आहे, खिडकीकडे तोंड करून, म्हणजे स्क्रीनवर उजेड पडत नाही. गेल्या रविवारी ठरल्या वेळेला टॅबलेट वाजला तेव्हा मी केस विंचरून त्या खुर्चीत बसले. जेवलास का, जेवलो. तू जेवलीस का, जेवले. आणि मग दोघांनाही पुढे काही सुचेना.

मी घसा साफ केला. म्हटलं, “काय रे, रिंग कोणत्या मापाची बसवायची ठरवलीस?”

निनादने चष्मा काढून पुसला, परत घातला. म्हणाला, “नाही गं आई. दोन मापांत अडलोय.”

“बरं,” मी म्हटलं, “दोन्ही जरा कॅमेऱ्यापुढे धर. बघू दे.”