नळीत काही नव्हतं

"रिकामी आहे. तरी स्वतः बघा."

बंदूक कोणाच्या हातात देण्याआधी ते हे वाक्य म्हणायचेच. आधी बंदूक उघडायची, दोन्ही नळ्या उजेडाकडे धरायच्या, एक डोळा मिटून आरपार बघायचं आणि मग समोरच्यालाही बघायला लावायचं. समोर फौजदार असो की परवान्याचा नवाकोरा मालक, सुटका नाही. पुढे पुढे ही सवय बंदुकीपुरती उरली नाही. दिवाळीत शेजारच्या वहिनींनी चकलीचा सोऱ्या मागितला, तर तोही त्यांनी खिडकीकडे धरून आरपार पाहिला. "अहो, चकल्याच पाडायच्या आहेत," वहिनी म्हणाल्या. "आत मुंगी असली तर?" हे त्यांचं उत्तर, तेही न हसता. क्लबात आम्ही त्यांना नळीवाले काका म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं, आणि मला वाटतं आवडतही होतं.

पुण्यात बंदूक परवानाधारकांचा क्लब आहे म्हटलं की लोक दचकतात. दचकण्यासारखं काही नाही. कोणाला माझ्यासारखी वडिलांमागे बंदूक वारशानं आलेली, कोणी रानडुकरांपायी परवाना काढलेला, दोनचार निवृत्त फौजी आणि बाकीचे नेमबाजीचे हौशी. रविवारी सकाळी लोणी काळभोरच्या पुढच्या माळावर मातीच्या तबकड्या उडवायच्या आणि फोडायच्या. फुटल्या नाहीत तर वाऱ्याला दोष द्यायचा आणि मिसळ खाऊन घरी यायचं. दसऱ्याला सगळ्यांच्या बंदुका एका सतरंजीवर मांडून झेंडूची फुलं वाहायची. त्या पूजेआधीसुद्धा काका एकेका नळीतून बघत फिरायचे. देवीला थांबावं लागायचं.

कर्वेनगरला माझ्याच सोसायटीत, समोरच्या इमारतीत ते राहायचे. बायको लवकर गेली. एकुलती एक मुलगी त्यांनीच वाढवली. ती खराडीला एका आयटी कंपनीत होती आणि रविवारी बापाच्या डाव्या बाजूला उभी राहून नेम धरायची. बापापेक्षा तिच्या तबकड्या जास्त फुटायच्या. हे सांगताना काकांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

बंदुकीच्या हक्काबद्दल ते फार कडवे होते. परवाना म्हणजे सरकारनं आपल्यावर टाकलेला विश्वास, असं त्यांचं म्हणणं. कोणाचं नूतनीकरण अडलं की काका त्याच्याबरोबर आयुक्तालयात जाऊन बसत. आमच्यातल्या निम्म्या लोकांचे परवाने त्यांच्या चिकाटीमुळे टिकले आहेत. हे लक्षात ठेवा, कारण पुढे आमच्या लोकांनी ते लक्षात ठेवलं नाही.

त्या रविवारी त्यांनी नवी दुनळी आणली होती. चांगल्या नावाजलेल्या कारखान्याची, माळावर पहिल्यांदाच निघालेली. नेहमीप्रमाणे उघडली, आरपार बघितली, मुलीच्या हातात दिली. तिनं बघितली. मग त्यांनी काडतूस भरलं आणि पहिलाच बार काढला. डावी नळी मुळाशी फाटली. त्यांच्या तळव्याचं टाक्यांवर निभावलं. लोखंडाचा कपचा डावीकडे उभ्या असलेल्या पोरीच्या उजव्या डोळ्यात गेला. डोळा वाचला नाही.

ज्या डोळ्यानं तिनं नळीतून बघितलं होतं, तोच.

संध्याकाळी तिचे कपडे न्यायला ते दवाखान्यातून घरी आले. मी बरोबर जायला म्हणून गेलो, तर दार उघडंच होतं. हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरून, बंदूक गुडघ्यांत धरून, एका हातानं ते गजाला चिंधी लावून नळी पुसत होते. दुसऱ्या हाताच्या बँडेजवर तेलाचे डाग पडले होते. मी म्हणालो, काका, आत्ता हे काय? त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. "वापरलेली बंदूक तशीच ठेवायची नसते," एवढंच म्हणाले. डोकं सुन्न झालं होतं आणि हात शिकवलेलं काम करत होते. दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला पोलिसांनी उचलली ती बंदूक लखलखीत होती.

पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल. कंपनीवर त्यांनी दावा लावला, आणि कंपनीचा वकील कोर्टात म्हणाला, नळीत चिंधी किंवा माती अडकलेली असणार, म्हणूनच फाटली. नसेल अडकली, तर अपघाताच्या दिवशीच यांनी घाईनं नळी का पुसली? काय लपवायचं होतं? बंदूक बाळगणाऱ्या कोणालाही या प्रश्नाचं उत्तर ठाऊक आहे. पण कोर्टात बंदूकवाले कुठे बसलेले असतात?

त्यांना भरपाई नको होती. त्यांना एकच वाक्य हवं होतं. नळीत काही नव्हतं, एवढं कोणीतरी खुर्चीवरून म्हणावं. नाहीतर पोरीचा डोळा आपल्याच हातून गेला, असं आयुष्यभर समजून चालायचं. मुलगी सांगायची, "बाबा, मी पण बघितलं होतं ना. क्लिअर होतं. लीव्ह इट आता." ते मान हलवायचे, आणि थोड्या वेळानं तिलाच परत विचारायचे, "नक्की बघितलं होतंस?"

बंदुकांविरुद्ध बोलणारी काही मंडळी त्यांच्याकडे येऊन गेली. आमच्या सभेत बोला म्हणाली. काकांनी त्यांना चहा दिला आणि सांगितलं की बंदूक वाईट नसते, ती एक बंदूक वाईट होती. मंडळी चहा पिऊन गेली ती परत आली नाहीत.

त्याच सुमारास एका नव्या कायद्याच्या मसुद्याची चर्चा सुरू झाली. सरकारी चाचणीचा शिक्का असलेल्या बंदुकीमुळे काहीही झालं, तरी बनवणाऱ्यावर दावा लावता येणार नाही, आणि चालू असलेले दावेही रद्द होतील, असं त्यात एक कलम होतं. क्लबानं त्याला पाठिंब्याचा ठराव करावा असं आमच्या अध्यक्षांनी सुचवलं. अध्यक्षांचं शहरात बंदुकांचं जुनं दुकान. माणूस वाईट नाही. पण ठराव कोणाच्या छातीवर बसणार आहे हे त्यांना ठाऊक होतं.

सभेच्या आधीचे दिवस काका घरोघर हिंडले. ज्यांच्यासाठी आयुक्तालयाच्या बाकावर बसले होते, त्यांच्या सोफ्यावर आता हात जोडून बसले. मी एकदोनदा बरोबर होतो आणि मला ते बघवेना. लोक बिस्किटं पुढे करायचे आणि टीव्हीकडे बघत बोलायचे. आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं एकानं मला जिन्यात ऐकवलं. दात कोणाचे आणि ओठ कोणाचे, हे मी त्याला विचारलं नाही.

सभा अध्यक्षांच्या दुकानाच्या वरच्या खोलीत झाली. लोणीचे एक शेतकरी सभासद आधी उठले. कळवळून बोलले. "काका, तुमच्या पोरीचं लई वाईट झालं. पर माझ्या उसात डुकरं हायेत. दाव्यांच्या भीतीनं कारखाने बंद पडले तर म्या बंदूक कुठनं आणू?" अध्यक्ष म्हणाले की बनवणारे आधीच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत, आणि बंदुका संपवायला सरकारला निमित्तच हवंय. यात खोटं काही नव्हतं. हीच तर पंचाईत होती.

मग काका उभे राहिले. टाके पडलेला हात त्यांनी खुर्चीच्या पाठीवर ठेवला होता.

"मी परवाना मागितला तेव्हा सरकारनं माझी सगळी चौकशी केली. गल्लीतल्या वाण्यालासुद्धा विचारलं, माणूस नीट आहे का म्हणून. मी तक्रार केली नाही. हातात बंदूक घ्यायची तर जाब द्यायची तयारी हवी, हे मीच तुम्हाला शिकवलं. मग बनवणाऱ्यानं का नाही द्यायचा?"

त्यांनी एकेकाकडे बघितलं. मग फार हळू आवाजात म्हणाले, "नळीत काही नव्हतं हो. माझ्यावर एवढा तरी विश्वास ठेवा."

ठरावाच्या विरोधात आम्ही मोजके हात वर केले. हात मोजायचीही गरज पडली नाही. अध्यक्षांनी सगळ्यांना चहा मागवला. काका चहाला थांबले नाहीत.

त्यानंतर ते माळावर आले नाहीत. दसऱ्याच्या पूजेत पहिल्यांदाच कोणी नळीतून बघितलं नाही आणि पूजा वेळेवर झाली. मला तेव्हा मोठ्यानं रडावंसं वाटलं. सोसायटीत दिसायचे, पण मान खाली. बागेला पाणी घालायची नळी उचलून आरपार बघायचे, खाली ठेवायचे, पुन्हा उचलायचे. माळ्यानं एकदा विचारलं, काका, काय शोधताय? ते म्हणाले, "'काही नाही', तेच शोधतोय." दाव्याच्या तारखा पुढे ढकलल्या जात राहिल्या. मसुद्याचा कायदा झाला नव्हता आणि मसुदा मागेही घेतला नव्हता. या दोन्हींच्या मध्येच एका दुपारी ते झोपेत गेले.

परवानाधारक गेला की त्याची बंदूक पोलिसांकडे किंवा परवाना असलेल्या दुकानात जमा करावी लागते. त्यांची जुनी दुनळी, त्यांच्या तरुणपणातली, घरीच होती. मुलीनं ती अध्यक्षांच्या दुकानात द्यायचं ठरवलं आणि मला बरोबर बोलावलं. ते दुकान का, असं मी विचारलं. "बाबांनी तिथूनच घेतली होती ना," ती म्हणाली.

दुकानात तिनं बंदूक आवरणातून काढली, उघडली, दारातल्या उजेडाकडे धरली. सवयीनं उजव्या डोळ्याला लावली. क्षणभर तशीच राहिली. मग डाव्या डोळ्याला लावून दोन्ही नळ्या बघितल्या आणि काउंटरवरून अध्यक्षांपुढे धरली.

"रिकामी आहे. तरी स्वतः बघा."

अध्यक्ष ओशाळे झाले. असू दे गं, तुझ्या बाबांची बंदूक, बघायचं काय त्यात, असं पुटपुटत त्यांनी ती घ्यायला हात पुढे केला. तिनं सोडली नाही.

"नाही, बघा. आणि काय दिसलं ते बोला."

त्यांनी चष्मा काढला. बंदूक उजेडाकडे धरून एक नळी बघितली, मग दुसरी. बराच वेळ बघत राहिले. खाली घेतली तेव्हा त्यांना तिच्याकडे बघता येईना.

"नळीत काही नाही," ते म्हणाले.

"थँक यू काका," ती म्हणाली, आणि रिकामं आवरण घडी करून पिशवीत ठेवू लागली.