उंदरांनी कुरतडलेल्या तारा

मी देवाला शिव्या घातल्या आहेत, हे आधीच सांगून टाकते. ते लपवून पुढचं सांगण्यात काही अर्थ नाही.

आमचं गाव एरंडोलजवळ. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता. पद्मालयाच्या गणपतीला नवस बोलले आणि कुसुम झाली. तेव्हापासून दर चतुर्थीला उंदरांना मूठभर ज्वारी टाकायचे, देवाचं वाहन म्हणून. घरात टाकली की अक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, ओरडायच्या. म्हणून मोटारीच्या छपरीत टाकायचे. मोटार जुनीपुराणी, हँडल मारून चालू करायची. आमचे हे हसायचे, "एक दिवस तुझे पाहुणे माझी गाडी खातील हं!"

कुसुम चार वर्षांची असताना तिला घटसर्प झाला. दुपारी गावातल्या डॉक्टरांनी घसा पाहिला आणि म्हणाले, "संध्याकाळच्या आत जळगावच्या दवाखान्यात न्या. श्वास कोंडतोय." एस.टी. नुकतीच गेली होती आणि बैलगाडीने पोचायला मध्यरात्र झाली असती. यांनी हँडल मारमार मारलं. शेवटी बॉनेट उघडलं, तर आत ज्वारीची फोलं, लेंड्या आणि तारांच्या जुडग्याच्या नुसत्या चिंध्या. यांनी त्यातली मूठभर फोलं उचलून माझ्यापुढे धरली.

पोर मांडीवर घुरघुरत होती, ओठ निळे पडत चालले होते. तिला अक्कांकडे दिलं, देव्हाऱ्यातला नवसाचा नारळ लाल फडक्यासकट उचलला आणि अंगणात भिरकावला. "घे तुझं! द्यायचं, आणि माझ्याच हातून परत न्यायचं? लाज नाही वाटत?" अक्का म्हणाल्या, "अगं, जीभ झडेल!" झडू दे, म्हटलं. पोरच राहणार नसेल तर देव ठेवून काय करू?

नारळ गडगडत गेला तो फाटकातून आत येणाऱ्या एका म्हाताऱ्या कल्हईवाल्याच्या पायाशी. खांद्याला भाता, हातात कथलाची पिशवी. काय झालं ते त्याने यांना विचारलं आणि बॉनेटमध्ये डोकं घातलं. धुळ्याला मोटारींच्या टाक्यांची गळती बुजवायला डाख द्यायचो, म्हणाला.

"सगळ्या तारा गेल्यात, बाबा," हे म्हणाले.

"बठ्ठ्या कशाले पाह्यजे, भाऊ? दिवा नको, भोंगा नको. चालाले एकच तार पुरी शे."

दिव्याची एक तार थोडी धड होती. ती काढून त्याने बॅटरीपासून ठिणगी देणाऱ्या कॉईलपर्यंत नेली आणि टोकांना कथलाचा डाख दिला. उघड्या तारेवर गुंडाळायला मातीतलं ते लाल फडकं उचलून फाडलं. हँडलच्या तिसऱ्या फेऱ्याला मोटार धडधडली. नारळ माझ्या हातात देत तो एवढंच म्हणाला, "माय, हाऊ तुना नारळ." मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

जळगावला गळ्याला छेद देऊन नळी घातली आणि पोर वाचली. पुढे त्या कल्हईवाल्याला आम्ही धुळ्यापर्यंत शोधलं, पण तो सापडला नाही. तो कोण होता यावर मी कुणाशी वाद घालत नाही. उंदरांना ज्वारी अजून टाकते, पण उकिरड्यापाशी.

कुसुमचा आवाज मात्र परत आला नाही, घोगराच राहिला. बायका हळहळतात, एवढी गोड पोर आणि आवाज असा! पहिली एक-दोन वर्षं मीही रडले, देवाकडे आवाज मागितला. आता मागत नाही. दिवा नको, भोंगा नको. ती अंगणातून घोगऱ्या आवाजात "माय" म्हणते, आणि मी हातातलं काम टाकून उठते.