लेपवाल्या काकूंचा डावा हात

लेपवाल्या काकूंचा डावा हात मी कधी स्वच्छ पाहिला नाही. मनगटापासून कोपरापर्यंत कुठे हळदीचा पिवळा डाग, कुठे कडुलिंबाचा हिरवट. पुरानी बस्तीतल्या आमच्या गल्लीत कुणाला घामोळं आलं, पुटकुळ्या झाल्या, की आधी काकूंचं दार. दवाखाना नंतर.

कुणालाही लावायचा लेप त्या आधी आपल्या हातावर लावत, वरून चिंधी बांधत आणि तशाच सगळा स्वयंपाक उरकत. जळजळ झाली की लेप मोरीत. नाही झाली तरच वाटी पुढे यायची. चिंधी सोडून बघायच्या मात्र नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "डोळ्यानं काय पाहायचं? कातडंच सांगते." कुणी बाजारातली क्रीम आणली की विचारायच्या, "हे कोणाच्या हातावर लावून पाह्यलं होतं?"

मी शंकर नगरच्या ऑफिसात, नवरा सिलतऱ्याच्या कारखान्यात. हिंदी शाळेतून आलेली आमची पोरगी संध्याकाळपर्यंत काकूंकडेच. त्या मराठीत रागवायच्या, ही हिंदीत उत्तरं द्यायची, दोघींचं झकास चालायचं. त्यामुळे तिच्या मानेवर गजकर्ण उठलं तेव्हा मी दुसरीकडे कशाला जाते? काकूंनी लसूण वाटला, स्वतःच्या हातावर बांधला, वरण-भात केला. "काहीच नाही होऊन राहिलं," म्हणाल्या आणि पोरीच्या मानेवर लेप दिला.

पोरगी किंचाळली. लगेच धुऊन काढला तरी मानेवर फोड आले. माझं डोकंच फिरलं, काकूंना तोंडाला येईल ते बोलले. तरी त्या आमच्यामागून दवाखान्यात आल्या आणि डॉक्टरांना एकच सांगत राहिल्या, "माझ्याबी हातावर होता ना. मले काहीच नाही झालं."

डॉक्टरांनी चिंधी सोडायला लावली. खाली पोरीच्या फोडांहून मोठा फोड टरारला होता आणि त्याच्याभोवती कातडीचा फिकट चट्टा. रोजच्या हळदीखाली तो कुणाला दिसलाच नव्हता. डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगून चट्ट्यावर टाचणी टोचली.

"टोचा ना," काकू म्हणाल्या.

टोचून झालं होतं.

कुष्ठरोग निघाला, कातडं बधिर करणारा. गोळ्या सुरू झाल्या. आता कुणाला लागण होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि मी ते गल्लीत घरोघर सांगून आले. लोकांनी माना डोलावल्या आणि आपापली पोरं आत ओढली. ज्यांची घामोळी त्या हाताने बरी केली, तेच काकूंच्या दारावरून जाताना अंग चोरू लागले. मला अजून चीड येते. काकूंचा पाटा भिंतीला उभा केला तो तसाच राहिला.

काकूंना गल्लीचं फारसं काही नव्हतं. त्यांना एकच खात होतं, आपण पोरीला हा रोग दिला तर नाही? डॉक्टरांनी तपासून तिला काही नाही म्हटलं होतं, पण काकूंचा डॉक्टरांवर कधी विश्वास होता? रोज खिडकीतून विचारायच्या, "पोट्टे, मानेले दुखते का?" त्यांना बरं वाटावं म्हणून पोरगी सांगायची, "नहीं काकी, बिल्कुल नहीं." ते ऐकलं की काकूंचा चेहरा उतरायचा. दुखत नाही म्हटल्यावर ही बाई अशी काहून करते, ते मला कळेना.

शेवटी त्यांचा मुलगा नागपूरला न्यायला आला. ऑटोत बसता बसता काकूंनी पोरीला जवळ बोलावलं आणि उजव्या हाताने तिच्या मानेवरच्या फोडाच्या डागाला करकचून चिमटा काढला. पोरगी कळवळली. "काकी, दर्द होता है."

"खरं सांग. दुखलं ना?"

"बहुत."

काकू मटकन सीटवर बसल्या. तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "मग बरं आहे. आता मी जातो."

गेल्या आठवड्यात नागपूरहून फोन आला, काकू गेल्या. पोरीला सांगितलं तेव्हा ती उठून आत गेली. आरशापुढे उभी राहिली आणि मानेवरच्या डागाला तिने स्वतःच चिमटा काढला.

"दुखता है," म्हणाली आणि रडायला लागली.