अमोनियमवाली ज्वारी

मुलांनो, काल कामवालीने काचा पुसायचं नवं औषध उघडलं. अमोनियाच्या वासासरशी माझा जुना राग वर आला. तो तुम्हाला सांगून टाकते.

तारनाक्याच्या प्रयोगशाळेत मी ज्वारीची रोपं मातीऐवजी पाण्यात वाढवत होते. दोन ओळींतल्या बरण्यांत नत्र सारखंच होतं, फक्त एका ओळीत ते नायट्रेटचं, दुसरीत अमोनियमचं. अमोनियमवाल्या रोपांची मुळं आखूड, तपकिरी झाली होती. ती कॅल्शियम आणि पोटॅशियम कमी शोषतात, असा माझा अंदाज होता. रोपं वाळवून तो तपासायचा होता.

सकाळी गेले, तर त्या ओळीतल्या बरण्या रिकाम्या. "सार बोले, सडे सो झाडां फेंक दो," आमचे म्हातारे शिपाई यादय्या खाली बघत म्हणाले.

मी आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांकडे गेले. "सर, ती सडली नव्हती. तोच तर निकाल होता."

"बाई, आधी बरण्या धुवायला शिका. घरी भांडी घासता ना? आणि आता निकाल कशाला, मे महिन्यात लग्न आहे तुमचं."

मी "हो सर" म्हणाले. वर दुपारभर सगळ्या बरण्या पुन्हा घासल्या, कारण चूक माझीच असेल असं मला खरंच वाटलं. सरांपेक्षा त्या घासण्याचा आज जास्त संताप येतो. प्रयोग परत झाला नाही.

आदल्या संध्याकाळी मोजायला काढलेलं एक रोप टीपकागदात राहिलं होतं. ते माझ्या वहीत आहे, आखूड तपकिरी मुळांसकट.