गहू न पाहिलेलं जातं

माझे वडील पोलादपूरच्या बाजारातल्या एका पिठाच्या गिरणीत कामाला होते. गिरणी दुसऱ्याची. डबे उचलणं, दळण टाकणं, पीठ भरून देणं हे त्यांचं काम. उमरठच्या बाजूला डोंगरावर आमची वाडी. तिथून ते रोज सकाळी उतरायचे आणि दिवेलागणीला डोक्यापासून पायापर्यंत पांढरे होऊन चढायचे. त्या कामावर मी महाडच्या कॉलेजात शिकले, आमच्या वाडीतली पहिली पदवीधर झाले आणि महाडलाच शाळेत विज्ञान शिकवायला लागले. मुलांना मी प्रथिनं शिकवते तेव्हा मला अजून ती गिरणी आठवते. त्याला कारण मे महिन्यातली एक सुट्टी.

भाऊ मुंबईत नोकरीला. त्या सुट्टीत वहिनी आणि त्यांची आठ वर्षांची मुलगी गावी आल्या होत्या. त्याच वर्षी डॉक्टरांनी मुलीचा गहू कायमचा बंद केला होता. गव्हात ग्लूटेन नावाचं चिकट प्रथिन असतं, ते तिच्या आतड्यांना सोसत नव्हतं. चिमूटभर पोटात गेलं तरी पोर दोन-तीन दिवस आडवी. चपाती गेली, बिस्कीट गेलं, वाढदिवसाचा केकसुद्धा गेला.

"आत्या, आमच्या बिल्डिंगमध्ये संडेला टेरेसवर ब्रंच असतो," ती मला म्हणाली. "पॅनकेक असतात, फ्रूट्सवाले. मी नुसती बसते."

"ब्रंच म्हंजे काय गो?" बाबांनी विचारलं.

"नाश्ता आणि जेवण एकत्र, आजोबा. दहा-अकराला."

"हात्तिच्या! मग आम्ही जल्मभर ब्रंचच करतो की. शेतावरून आल्यावर दुसरं काय खातो?"

ती हसली, पण ते 'नुसती बसते' माझ्या मनातून जाईना. मी म्हटलं, येत्या रविवारी आपल्याकडे ब्रंच. नाचणीत ग्लूटेन नसतं, तांदळात नसतं, हे मला पाठ होतं. नाचणी आमच्याच डोंगरउताराच्या वरकस जमिनीतली, तांदूळही घरचा. मी स्वतः डबा घेऊन पोलादपूरला उतरले. बाबांनी गुडघ्यांमुळे वर्षापूर्वीच गिरणी सोडली होती आणि त्या दिवशी ते गुरं घेऊन वर गेले होते. गिरणीवाल्याला मी बजावलं, "तांदळावर टाका हं, गव्हावर नको." हे तर आपल्याकडे प्रत्येक बाई सांगते.

रविवारी मी पिठात केळी कुस्करून घातली, गूळ घातला. पहिले दोन पॅनकेक तव्यावरच तुटले. ग्लूटेन नसलं की पीठ धरत नाही, हेही मी सगळ्यांना ऐटीत समजावून सांगितलं. पोरीने तुकडे गोळा करून खाल्ले. संध्याकाळी तिच्या पोटात कळा सुरू झाल्या, मग उलट्या.

वहिनी ओरडल्या नाहीत. पोरीचं तोंड पुसताना एवढंच म्हणाल्या, "ताई, तुम्ही तर सायन्सच्या ना?"

वहिनी मंगळवारच्या एसटीने परत जायचं ठरवून बॅग भरायला लागल्या. पोर भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी वाटीत पेज नेली तर म्हणाली, "आई देईल. तुझ्या हातचं नको." आठ वर्षांच्या मुलीचं ते वाक्य मला कुठल्याही परीक्षेच्या निकालाहून जास्त लागलं.

बाबा पडवीत बसून सगळं बघत होते. मला जवळ बोलावून त्यांनी हळू विचारलं, "दळण कुठं केलंस?"

"आपल्याच गिरणीत. तांदळावर टाकायला सांगितलं होतं."

बाबांनी कपाळाला हात लावला. "अगो बाय, तांदळाच्या आधी काय दळलं होतं? अन् त्याच्या आधी? गिरणीचं पोट कधी रिकामं नसतं. दगडाच्या फटीत असतं, नळीत असतं, पीठ पडतं त्या कापडी पिशवीत असतं. किती झाडा."

"मग बायका विचारायच्या तेव्हा तुम्ही काय सांगायचात?"

"सांगायचो, कायपण मिसळत नाय वैनी, निर्धास्त जा." त्यांनी आत पडलेल्या नातीकडे पाहिलं. "त्यांना चिमूटभर गव्हानं काय होत नव्हतं. पण नातीच्या पोटाला कसं फसवू?"

मग ते उठले आणि आत जाऊन वहिनींना म्हणाले, "सूनबाय, चूक माझ्या पोरीची नाय, गिरणीची हाय. मला एक रविवार दे. नाय जमलं तर मी सोत्ता तुम्हाला एसटीत बसवतो." सासरे असं कधी काही मागत नसत. वहिनी थांबल्या, पण बॅग उघडली नाही.

माळ्याखाली एका कोपऱ्यात आमचं जातं होतं. लग्नाची हळद दळण्यापुरतंच ते बाहेर निघायचं. बाबांनी ते ओढून काढलं आणि आईला विचारलं, "ह्याच्यावर कधी गहू दळलास?"

आई जरा चिडलीच. "गहू होता कुठं आपल्याकडं? नाचणी दळली, वरी दळली, तांदूळ दळले. रेशनचा गहू यायला लागला तो तुम्हीच गिरणीत न्यायचात. शिमग्याच्या पोळ्यांचं पीठ पण तिकडचंच."

"आठव नीट."

"आठवलं. माझ्या सासूच्या वेळेपासून ह्या जात्यानं गहू बघितला नाय."

लहानपणी शाळेत डबा उघडताना मी नाचणीची भाकरी झाकणाआड धरायची, कारण पोलादपूरच्या मुलींच्या डब्यात चपात्या असायच्या. आमच्या घरात गहू नव्हता ही लपवायची गोष्ट होती. त्या दिवशी तीच गोष्ट आई ठासून सांगत होती आणि वहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

बाबांनी जात्याचे दोन्ही दगड कढत पाण्याने धुऊन उन्हात वाळवले. आत राहिलेलं निघून जावं म्हणून आधी मूठभर तांदूळ दळून ते पीठ म्हशीला घातलं. चाळणीत चपातीच्या पिठाचा अंश असेल म्हणून ती बाजूला ठेवली आणि चाळायला आईच्या धुतलेल्या पातळाचं फडकं घेतलं. मग शनिवारी सकाळी, गुडघे दुखत असताना, एक पाय लांब करून ते स्वतः जात्यावर बसले. पुरुषमाणूस जात्यावर म्हटल्यावर शेजारच्या काकूंनी पाण्याला जाता जाता हंडा खाली ठेवला.

"काय वो भावजी, म्हातारपणी सासुरवास सुरू झाला काय?"

"जल्मभर दळलंच तर हाय मी. आज बटण नाय, एवढंच."

"मग ओवी पण म्हणा की!"

"ओवी तू म्हण. मी पीठ बघतो."

पोर हळूहळू जवळ सरकली. बाबांनी तिला जात्याच्या तोंडात वैरण घालायला शिकवलं, एका वेळी थोडी नाचणी, घाई नाही. थोड्या वेळाने तिने खुंट्याला आजोबांच्या हाताखाली आपलाही हात लावला. पीठ पडायला लागलं तसं ती वाकून बघत होती. आपल्या खाण्याचं पीठ ती पहिल्यांदाच असं स्वतःच्या डोळ्यांनी होताना बघत होती.

रविवारी मी कोणाला काही समजावलं नाही, पीठ कसं धरेल ते आईलाच विचारलं. आईने पिठात पिकल्या बरक्या फणसाचा रस घातला. "हा धरील बघ," ती म्हणाली. केळं, गूळ, नारळाचं दूध, चवीला मीठ. मग तासभर झाकून ठेवलं. भाकरीच्या बिडाच्या तव्यावर नारळाच्या शेंडीने तूप फिरवलं, डाव ओतला, झाकण ठेवलं. पॅनकेक न तुटता उलटला. वर हापूस नव्हे, परसातल्या रायवळ आंब्याच्या फोडी आणि करवंदं.

पोरीने पहिला घास हातात धरून ठेवला. वहिनींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग आजोबांकडे.

"आपण दळलंय," बाबा म्हणाले. "मी अन् तू."

तिने तो खाल्ला. मग आणखी तीन खाल्ले. सगळे एकाच तव्यावरचं खात होते, कोणाचं ताट वेगळं नव्हतं. तरी खरी परीक्षा बाकी होती. संध्याकाळपर्यंत आमच्यापैकी कोणी अंगण सोडलं नाही. पोर मात्र वासरामागे पळत होती. सोमवारी सकाळी उठल्या उठल्या तिने विचारलं, "आत्या, कालचा एखादा उरलाय का? तूच दे." वहिनींनी तेव्हा बॅग उघडली आणि कपडे परत खुंटीला लावले.

वहिनी आणि पोर आणखी पंधरा दिवस राहिल्या. निघताना बाबांनी पाच किलो पीठ दळून नव्या डब्यात भरलं आणि गुडघे धरत पोलादपूरच्या स्टँडपर्यंत सोडायला आले. वहिनींनी डबा मांडीवरच घेतला. कंडक्टरने वर ठेवायला सांगितलं तर म्हणाल्या, "नको, वर कोणाचं काय काय असतं." पोर खिडकीतून ओरडली, "आजोबा, संडेला मी सगळ्यांना देणार!"

परतताना आम्ही गिरणीवरून गेलो. मालकाने आतून हाक मारली, "काय हो, स्टँडवर एवढा मोठा पिठाचा डबा नेलात. दळण कुठनं आणलंत?"

बाबा थांबले. इतकी वर्षं दुसऱ्याच्या गिरणीत उभे राहिलेले माझे वडील पाठ ताठ करून म्हणाले, "माझ्या गिरणीतनं."